डोंगर परका नाही



धम्मदीक्षेनंतर गावदेवाबरोबर डोंगरही परका झाला, असे मानू नका. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेख काय सांगतात? इरिल नावाच्या यवनाने तेथे पाण्याच्या दोन पोढी दान केल्या. आडुथुम या उपासकाने करंज लावण्यासाठी २० व वडांसाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न नेमून दिले. डोंगराला नवस बोलणे आपण सोडले. परंतु तेथे पाणी व सावली राखणे हा आपल्याच पूर्वसूरींचा आचार होय.

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे कलम १८, नियमांच्या अधीन राहून, संरक्षित स्मारकात प्रवेशाचा हक्क सर्व जनतेस देते. तो हक्क बजावा. मुलांस सोबत न्या, आणि परतल्यावर वस्तीत एक करंज लावा.