ठरावाच्या पुढचा कागद

दुबई-शारजात एमयूएनचा, म्हणजे 'मॉडेल युनायटेड नेशन्स'चा, हंगाम आला की तिथल्या मराठी घरांतही ब्लेझरला इस्त्री होऊ लागते. परिषद शारजाच्या अमेरिकन विद्यापीठातली असो की एखाद्या शाळेने भरवलेली, या अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघात नववी-दहावीची मुले देशाच्या नावाची पाटी उंचावून बोलायला उभी राहतात. 'मला वाटते' म्हणायची सोय नाही. 'नायजेरियाच्या प्रतिनिधीला असे वाटते' असेच म्हणायचे. विषय भ्रष्टाचारावरच्या आंतरराष्ट्रीय उपायांचा असला तर समितीची पंचाईतच होते. भ्रष्टाचाराच्या बाजूने बोलणारा देश आणायचा कुठून? मग सगळेच तीव्र चिंता व्यक्त करतात, सगळेच सहकार्याचे आवाहन करतात, पाट्या वर जातात आणि ठराव मंजूर होतो. त्यानंतर फोटो.

मोठ्यांनी याला हसू नये. मुलांनी नक्कल चोख केलेली असते. भ्रष्टाचाराविरुद्धचा खराखुरा करार संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये केला. लोकसेवकाची संपत्ती उत्पन्नाच्या मानाने अवाच्या सवा वाढली आणि तिचा हिशेब देता आला नाही, तर तो गुन्हा मानण्याचा देशांनी 'विचार करावा', असे त्याचे विसावे कलम सांगते. आणि तोही आपापल्या राज्यघटनेत बसत असेल तर. अमिरातीने 2006 मध्येच या करारावर शिक्कामोर्तब केले. भारताने केले मे 2011 मध्ये, अण्णा हजारे जंतरमंतरवरच्या उपोषणातून उठल्यावर महिन्याभराने. (योगायोग असेल.) करारातल्या देशांची 2019 ची परिषद अबुधाबीत थाटात झाली, आणि 2022 च्या मार्चमध्ये काळ्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने त्याच अमिरातीला करड्या यादीत टाकले. सुटका झाली फेब्रुवारी 2024 मध्ये.

तेव्हा मुलांचे ठराव गुळमुळीत असतात ही आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती चर्चा ठरावापाशी थांबते ही, कारण खरी मौज पुढच्या कागदात, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याच्या अर्जात आहे. आणि त्या कागदाचे उत्तम नमुने दुबईतच पडले आहेत.

नायजेरियातल्या डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी मायदेशातून निसटून दुबईत आले. 2010 मध्ये तिथे त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी त्यांना ब्रिटनच्या हवाली केले गेले आणि 2012 मध्ये लंडनच्या न्यायालयाने 13 वर्षांची शिक्षा ठोठावली. आता दुसरे प्रकरण. मूळचे सहारनपूरचे आणि दक्षिण आफ्रिकेचे सरकारच खिशात घातल्याचा आरोप असलेले गुप्ता बंधू, अतुल आणि राजेश, जून 2022 मध्ये दुबईत पकडले गेले. 2023 मध्ये दुबईच्या न्यायालयाने त्यांना दक्षिण आफ्रिकेकडे सोपवायला नकार दिला. अमिरातीचे म्हणणे, कागदपत्रे कायद्याच्या कसोटीला उतरली नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे, आम्हाला धक्का बसला. शहर एकच, निकाल मात्र उलटे.

अशी दोन प्रकरणे समितीपुढे ठेवा. अर्ज कोणी केला, वॉरंट कोणते जोडले, गुन्हा नेमका कुठे घडल्याचे दाखवले, कोणत्या मुद्द्यावर न्यायाधीश अडले, हे पंधरा वर्षांच्या पोराला काढायला लावा. आंतरराष्ट्रीय सहकार्य नावाची गोष्ट एखाद्या खात्यातल्या कारकुनाने कोणता कागद जोडला आणि कोणता विसरला यावर कशी अडते, ते त्याला एका दुपारी कळेल. स्विस बँकांना शिव्या देणे सोपे असते, त्या दूर आहेत. सभागृहाच्या खिडकीतून दिसणारे मनोरे कोणाच्या पैशाने उभे राहिले, हे विचारणे यजमानांच्या घरात जड जाते हे खरे. पण ज्याच्या हाती नायजेरियाची किंवा दक्षिण आफ्रिकेची पाटी आहे, त्याला ते विचारावेच लागते. या खेळाची खरी गंमत तीच आहे, आणि संयोजकांनी त्या पाट्या बोलक्या मुलांनाच द्याव्यात.

भारताची पाटी मिळालेल्याने मात्र फार ताठ मानेने बसू नये. ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर व्यवहारातला मध्यस्थ म्हणून आरोपी असलेला ख्रिश्चन मिशेल दुबईहून दिल्लीत आणला गेला तो डिसेंबर 2018 मध्ये. तेव्हा निवडणुकीच्या सभा त्यावर गाजल्या. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला तेव्हा तो सहा वर्षे तुरुंगात काढून बसला होता आणि तपासही संपलेला नव्हता. अमिरातीच्या प्रतिनिधीने पाटी वर करून 'आम्ही दिलेल्या माणसाचे तुम्ही काय केलेत?' एवढाच प्रश्न विचारला, तर भारताच्या प्रतिनिधीला अध्यक्षांकडे वेळ वाढवून मागावा लागेल.