पदवी आणि कसब

बारावीचा निकाल लागला कीं, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरीं एकच वाद सुरू होतो. संगणकाची पदवी घ्यावयाची तर ती कशासाठीं? एक पक्ष म्हणतो, "विद्यापीठांत केवळ पुस्तकी ज्ञान मिळतें; नोकरी लागते ती हातच्या कसबानें." दुसरा पक्ष म्हणतो, "कसब दोन वर्षांत शिळें होतें. शास्त्र जन्मभर पुरतें."

ह्या वादाचा निवाडा करण्यास पिंपरी-चिंचवडच्या पालकांइतका अधिकारी दुसरा कोण असेल? त्यांपैकीं अनेकांनीं आय.टी.आय.मधून बाहेर पडून भोसरी, आकुर्डी, चाकण येथील कारखान्यांत उमेदवारी केली आहे. त्यांच्या शिक्षणक्रमांत प्रात्यक्षिक होतें, तसेंच धंद्याचें सिद्धांतज्ञान, हिशेब व आरेखनहि होतें. कानस चालवितां येते पण ड्रॉइंग वाचतां येत नाहीं असा फिटर, आणि ड्रॉइंग वाचतो पण कानस धरतां येत नाहीं असा फिटर, दोघेहि सुपरवायझरच्या दृष्टीनें अपुरेच. मग संगणकाच्या बाबतींतच एका अंगाचा आग्रह कां धरावा?

सी-डॅक ही पुण्याची संस्था १९८८ सालीं स्थापन झाली व १९९१ मध्यें तिनें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. तिचा सुमारें ६ महिन्यांचा 'डॅक' नांवाचा डिप्लोमा आकुर्डीसहि शिकविला जातो. आणि ४ वर्षें अभियांत्रिकी शिकलेले पदवीधर नोकरीसाठीं त्याकडे धांव घेतात. पदवीनंतर पुन्हां पैसे भरून कसब शिकावें लागतें, हा पदवीवरील आरोप खराच आहे. परंतु त्या डिप्लोमाच्या प्रवेशपरीक्षेंत काय विचारतात तें पाहावें: गणित, तर्क, सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणजे कसबाच्या दारावरहि शास्त्रच पहारा देत उभें आहे!

शास्त्राचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलानें एक हिशेब करून पाहावा. १०,००,००० सुट्या भागांच्या क्रमवार यादींतून एक क्रमांक शोधावयाचा आहे. पहिल्यापासून एकेक ताडून पाहिल्यास तितक्याच वेळां तुलना करण्याची पाळी येऊं शकेल. परंतु यादी दर वेळीं मधोमध विभागीत गेल्यास फार तर २० तुलनांत काम होतें. हें ज्ञान कोणत्याहि एका संगणकभाषेचें नव्हे. भाषा बदलल्या तरी तें टिकतें. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें मागतांच प्रोग्रॅम लिहून देतात; तो बरोबर कीं चूक हें ओळखण्यास हेंच ज्ञान लागतें.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो शास्त्रांत नाहीं व कसबांतहि नाहीं. तो दोहोंच्या नकलेंत आहे. सिद्धांत प्रश्नसंचांतून पाठ केले जातात आणि प्रात्यक्षिकाचें जर्नल शेजाऱ्याच्या वहीवरून उतरविलें जातें. असा पदवीधर हिंजवडीच्या मुलाखतींत स्वतःच्याच प्रकल्पावरील दोन प्रश्नांनीं गोंधळला, तर त्यांत नवल तें काय?

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं उमेदवारीयुक्त पदवीचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. १९६१ चा उमेदवारी कायदाहि आहेच. जेथें यंत्रमानव मोटारी जोडतात त्या चाकणच्या कारखान्यांनीं संगणकाच्या विद्यार्थ्यांस आपलीं दारें उघडावीं, आणि महाविद्यालयांनीं तो काळ खऱ्या कामाचा होईल अशी दक्षता घ्यावी.

पालकांस आमची विनंती आहे कीं, प्रवेश घेण्यापूर्वीं इमारत व पगाराच्या जाहिराती पाहून भुलूं नये. मुलगा वा मुलगी आठवड्यास किती तास संगणकावर स्वतः बसेल, त्यांचें काम कोण तपासील, आणि उमेदवारी कोठें मिळेल, हें विचारावें. विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, दुसऱ्याचा दहा पानी प्रोग्रॅम उतरविण्यापेक्षां स्वतःचा दहा ओळींचा लिहावा, तो कोठें अडतो तें शोधावें, आणि कां अडला हें पुस्तकांत पाहावें. कसब व शास्त्र ह्यांची गांठ तेथेंच पडते.