गोधडीचा महिना आणि रक्तदाबाची गोळी

दिवाळी उरकली की नागपूरकरांना थंडीचे वेध लागतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरण्याआधी माळ्यावरच्या गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात. सदरमधल्या एका घरात मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जुनी गोधडी निघाली ती पार विरलेली. मग घरातल्या 58 वर्षांच्या बाईंनी नवी शिवायला घेतली. सासूबाईंची दोन सुती पातळं, सासऱ्यांचं एम्प्रेस मिलचं एक धोतर आणि मंगळवारी बाजारातून आणलेल्या जाड दोऱ्याच्या रिळा, एवढं भांडवल.

बाईंना सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. दर तपासणीला एक सल्ला ठरलेला: ताण घेऊ नका, जरा निवांत राहा. कुठल्याही ओपीडीत हे वाक्य दिवसातून पन्नासदा बोललं जातं. औषधाची मात्रा चिठ्ठीवर लिहितात, निवांतपणाची कोणी लिहीत नाही. किती वेळ निवांत राहायचं, आणि तोवर कुकर कोणी लावायचा?

या घरात त्या महिन्यापुरतं उत्तर निघालं. सकाळचं वरण-भात नवऱ्यानं अंगावर घेतलं, डबे मुलानं भरले, पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आल्या. बाई रोज अकरा ते एक बैठकीत चादर अंथरून बसत. आधी थरावर थर पसरून लांब टाचे घातले, मग कडेपासून आत धावदोरा. धोतर मधल्या थरात गेलं. पहिल्या आठवड्यात टाके वाकडे आले म्हणून दोन ओळी उसवल्या. दुसऱ्या आठवड्यात हात बसला आणि रात्रीची झोप सुधारली. चिडचिड कमी झाल्याचं आधी घरच्यांच्या लक्षात आलं.

यात चमत्कार नाही. एकच हालचाल संथपणे पुन्हा पुन्हा करत राहिलं की शरीर शांत होतं, नाडी आणि श्वास मंदावतात, हे हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 मध्येच पुस्तक लिहून मांडलं होतं. जपमाळ ओढणाऱ्या आजीला ते त्याआधीही ठाऊक होतं. गोधडीवर तर थेट अभ्यास झाला आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातील डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 60 ते 90 वयोगटातल्या 221 जणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींना तीन महिने, आठवड्याला पंधराएक तास, गोधडीकाम किंवा डिजिटल छायाचित्रण किंवा दोन्ही शिकवलं. इतरांनी गप्पा, सहली किंवा घरबसल्या सोपे खेळ यांत वेळ घालवला. नवं कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. मात्र सर्वांत ठळक फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांना झाला. म्हणजे गुण सुईदोऱ्याचा कमी आणि डोक्याला नवं, अवघड काम देण्याचा जास्त. चाळीस वर्षं गोधड्या शिवणाऱ्या बाईला त्यातून विसावा मिळेल. मेंदूची कसरत तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा सुई धरणाऱ्या नातवाची होईल.

घोटाळा तिसऱ्या आठवड्यात झाला. झोप छान, डोकं हलकं, मग गोळी कशाला, असं वाटून बाईंनी ती बंद केली. कोणाला सांगितलं नाही. पहिले काही दिवस घरच्या यंत्रावर आकडे बरे आले, त्यामुळे धीर वाढला. काही गोळ्यांचा अंमल बंद केल्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. तो ओसरला की खरा आकडा दिसतो. त्यात थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे अनेकांचा रक्तदाब हिवाळ्यात थोडा चढतोच. महिन्याअखेरच्या तपासणीत तो निघाला 168/104. डोकेदुखी नाही, चक्कर नाही, काहीच नाही. मेंदूला किंवा मूत्रपिंडाला इजा होईपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणूनच ‘बरं वाटतंय’ हे गोळी सोडायचं कारण होऊ शकत नाही. मन शांत झाल्यानं रक्तदाब थोडा उतरतो. 168 चा 130 होण्याची आशा त्यावर ठेवू नये. गोळी कमी करायचीच असेल तर काही आठवड्यांच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावं. नोंद घेताना पाच मिनिटं शांत बसावं, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजावं. गोधडीवरून उठून धावत येऊन मोजलेला आकडा कामाचा नाही.

बाईंना रागवणं सोपं होतं. पण एक गोष्ट डॉक्टर मंडळींनी मान्य करायला हवी. औषधानं जे साधलं नव्हतं, ती झोप आणि ते स्वास्थ्य त्यांना रोजच्या दोन तासांनी दिलं होतं आणि ते दोन तास त्यांच्या स्वभावातून आले नव्हते. ते वरण-भातातून आले होते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. या हिशेबात ‘जरा निवांत राहा’ हा सल्ला चुकीच्या माणसाला दिला जातो. तो तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेल्या नवऱ्याला आणि मुलाला आत बोलावून द्यायला हवा. संथपणा आजकाल फॅशनमध्ये आहे, त्यावर शिबिरंही निघतात. घरी परतल्यावर ओट्यापाशी तीच बाई उभी असते.

शिवणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. गुडघे दुखत असतील तर मांडी घालून बसण्याचा हट्ट नको. गोधडी टेबलावरही शिवता येते. अर्ध्या तासानं उठावं, मान सरळ करावी. चाळिशीचा नंबर तपासून घ्यावा आणि उजेड बाजूनं येऊ द्यावा. दमेकऱ्यांनी माळ्यावरचे कपडे झटकू नयेत; ते दुसऱ्या कोणी आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. मधुमेह असेल तर अंगुस्तान घालावं. टोचलेलं बोट साबणानं धुवावं, लाल होऊन ठणकलं तर दाखवावं.

गोळी पुन्हा सुरू झाली, तीन आठवड्यांनी आकडा 136/84 वर आला. गोधडी मात्र डिसेंबरात अर्धीच राहिली, कारण महिना संपल्यावर सकाळचा स्वयंपाक पुन्हा बाईंकडे आला होता. पुढच्या तपासणीला नवऱ्यालाही आत बोलावलं गेलं. आता सोमवार ते गुरुवार वरण-भात त्यांच्याकडे आहे.