जुन्या गाडीचा नवा अवतार

जुनें तें सोनें ही म्हण आमच्या कानीं लहानपणापासून पडत आली आहे. परंतु तें सोनें आटवून त्याचा दुसरा दागिना घडविला, तर तो जुना म्हणावा कीं नवा, हा प्रश्न त्या म्हणीनें कधीं सोडविला नाहीं. हल्लीं मोटारींच्या जगांत हाच प्रश्न मोठ्या खर्चानें विचारला जात आहे. एके काळीं नांवाजलेली वेगवान गाडी घ्यावयाची, ती पार उकलून तिचा सांगाडा तेवढा ठेवावयाचा, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें नवे पत्रे, नवी बैठक व नव्यानें बांधलेलें इंजिन घालून ती पुन्हां उभी करावयाची, हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे. अशी गाडी पुढें विक्रीसही निघते. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं पुष्कळांच्या वह्यांत गाड्यांचीं चित्रें चिकटविलेलीं असतात. म्हणून हा विषय त्यांस अगदींच परका वाटणार नाहीं, अशी आम्हांस आशा आहे.

उदाहरणादाखल पोर्शे ९११ ही जर्मन गाडी घेऊं. सन १९६३ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. त्या वेळीं तिचें नांव ९०१ होतें. परंतु मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्समध्यें आपला हक्क आहे, अशी तक्रार प्यूजो कंपनीनें केल्यावरून शून्याच्या जागीं एक आला. तिचें इंजिन मागल्या आंसाच्याही मागें बसविलेलें असून त्याचे सहा सिलिंडर तीन-तीन असे दोन्ही बाजूंस आडवे असत व ते पाण्यानें नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्यानें थंड राखीत. आपल्याकडील गाडीवान मागें ओझें जास्त झालें म्हणजे गाडी उलाळ झाली असें म्हणतात. ही गाडी जन्मतःच तशी होती. वळणावर भिऊन पाय एकदम वर उचलला, कीं मागची बाजू पुढें येऊं पाही. शहाण्या यंत्रज्ञानें इंजिन पुढें आणून हा दोष काढून टाकला असता; पोर्शेच्या कारागिरांनीं तो ठेवला आणि वर्षानुवर्षें त्यास माणसाळविलें. त्या गाडीवर लोकांची जी माया जडली, तिचें मूळ आम्हांस या हट्टांत दिसतें. पुढें १९९८ मध्यें वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा काळ संपला.

या गाडीस नवा अवतार देणाऱ्यांत सिंगर हा कॅलिफोर्नियांतील कारखाना अग्रेसर आहे. रॉब डिकिन्सन या इंग्रज गृहस्थानें तो २००९ मध्यें काढला. हे गृहस्थ पूर्वी एका वाद्यवृंदांत गायक होते. शिवाय पोर्शेच्या शर्यती गाड्या घडविणाऱ्या एका नामांकित इंजिनियरांचें आडनांवही सिंगरच. तेव्हां नांवांत दोन्ही अर्थ साधले. कारखान्याची रीत अशी, कीं १९८९ ते १९९४ च्या दरम्यान झालेली ९६४ या प्रकारची गाडी मालकानें आणावी. ती उघडी करून तिचा सांगाडा ठिकठिकाणीं बळकट करतात, बहुतेक पत्रे काढून कार्बनच्या तंतूंचे हलके भाग बसवितात, आणि आकार मात्र १९७० च्या सुमाराच्या गाडीचा देतात. इंजिन खोलून ३.६ लिटरांवरून ४ लिटरांपर्यंतही वाढवितात. म्हणजे हाडें १९९० चीं, चेहरा १९७० चा, आणि रग आजची! तरी सरकारी कागदांत ती १९९० चीच राहते.

यावर जुन्याचे अभिमानी रागावतात. त्यांचें म्हणणें असें, कीं जीर्णोद्धार निराळा आणि ही मनमानी निराळी. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ पाठ हातीं यावा म्हणून. आपली ओंवी तींत मिसळावी म्हणून नव्हे. हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या गाडीच्या मोजक्याच प्रती उरल्या, तीवर असा हातोडा चालविणें आम्हांसही पातकच वाटतें. परंतु ९६४ या गाड्या साठ हजारांहून अधिक झाल्या; त्यांतील कांहीं शेंकड्यांनीं रूप पालटलें म्हणून इतिहास बुडत नाहीं. शिवाय हा कारखाना आपण गाडी बनवीत नाहीं, पोर्शे कंपनीशीं आपला संबंध नाहीं, असें उघड सांगतो. जो वेष बदलून ‘मी वेष बदलला आहे’ असें म्हणतो, त्यास तोतया कसें म्हणावें?

खरेपणाचा हा वाद न्यायासनापुढेंही गेला आहे. बेंटली कंपनीची ‘जुनी नंबर एक’ नांवाची गाडी १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकून आली. १९३२ मध्यें ब्रुकलँड्सच्या शर्यतींत तिला भयंकर अपघात होऊन चालक प्राणास मुकला. पुढें तिची पुन्हां बांधणी झाली. कालांतरानें ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, तेव्हां घेणारानें ‘ही ती गाडीच नव्हे’ म्हणून हात आंखडला. १९९० मध्यें लंडनच्या न्यायाधीशांनीं निर्णय दिला, कीं मूळचे भाग फारसे उरले नसले तरी तिचा इतिहास कोठें तुटलेला नाहीं. सबब ती तीच होय. हा निकाल आम्हांस मान्य आहे. गाडीचें खरेपण लोखंडापेक्षां तिच्या हातून घडलेल्या प्रवासांत अधिक असतें.

आणि येथेंच विक्रीच्या गाडीविषयीं आमचें मन साशंक होतें. जी वस्तु एका माणसाच्या आवडीनें, त्याच्या मापानें, रंग व शिवण त्यास विचारून घडविली, ती थोडेसे मैल धांवतांच दुप्पट मोलानें बाजारांत यावी? मापून शिवलेला अंगरखा घडी न मोडतां विकावयास काढणाऱ्यास वस्त्राची हौस होती, असें कोण म्हणेल? कारागिरानें महिनेच्या महिने खपून जें इंजिन सुरेल केलें, तें बंद खोलींत उगी बसून राहतें. ज्या गाडीनें प्रवासच केला नाहीं, तिच्या खरेपणाची साक्ष कोणता न्यायाधीश देईल?

कोणी म्हणेल, एवढा पैसा गरिबांस कां दिला नाहीं? प्रश्न वाजवी आहे, आणि तो आमच्या शाळेंत तर वरचेवर विचारला जावा. परंतु बेथानी गांवच्या घरीं बहुमोल सुगंधी तेलाची कुपी फुटली तेव्हांही हाच प्रश्न निघाला होता, आणि विचारणाराचें मन त्याच्या शब्दांइतकें शुद्ध नव्हतें. त्या स्त्रीनें कुपी फोडली; तेल सांडलें; घर सुगंधानें भरून गेलें. तिनें ती पुढल्या वर्षीं चढत्या भावानें विकण्यासाठीं फळीवर ठेवली असती, तर तिची गोष्ट आज कोणी सांगितली नसती. या गाड्यांच्या मालकांस आमची विनंति एवढीच आहे, कीं एखाद्या पावसाळी पहांटे दार उघडावें, गाडी घाटावर न्यावी, आणि नव्या रंगावर थोडा चिखल उडूं द्यावा.