एरर बदलला? अभिनंदन!

रात्रीचे सव्वाअकरा. गंगापूर रोडवरचं माझं वन रूम किचन, गार झालेला चहा आणि सकाळी दहाची डेडलाइन. विषय नाशिककरांच्या हक्काचा : कांदा.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हापासून मी लासलगावच्या लिलावातले भाव टिपून ठेवतेय. किमान, कमाल, सरासरी. क्विंटलमागे किती रुपये. निफाडकडचे एक काका तर स्वतःच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो पाठवायचे. "ताई, कुणीतरी लिहून ठेवा हे," एवढंच म्हणायचे. आधी वही झाली, मग एक्सेल. मग अंगात आलं आणि पीएचपीची छोटीशी स्क्रिप्ट लिहून सगळं डेटाबेसमध्ये भरलं. मास कॉमवाल्या मुलीने कोड लिहिला! आठवडाभर जमिनीवर नव्हते मी.

त्या रात्री धप्पकन आले. ग्राफसाठी स्क्रिप्ट चालवली, तर समोर 'एरर २००२' आणि खाली एक इंग्रजी ओळ. अर्थ असा, की समोरच्या मशीनने कनेक्शन नाकारलं.

मग मी काय केलं? जे जे करू नये ते सगळं. ओळ न वाचताच कोडमध्ये चार ठिकाणी बोटं घातली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. फुल टू टेन्शन! शेवटी ठरवलं, झॅम्प काढून टाकायचं आणि नव्याने इन्स्टॉल करायचं. अनइन्स्टॉल दाबणार, तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. हिंजवडीत आयटीत आहे तो; मघाशी मीच त्याला मिस कॉल दिला होता.

"दादा, सगळा डेटा गेला रे!"

"गेला असं कुणी सांगितलं?"

"एरर येतोय ना!"

"अगं, मग एरर काय म्हणतोय ते वाच की. आणि एक काम कर, काहीही उडवू नकोस. तुझे भाव झॅम्पच्याच फोल्डरमध्ये बसलेत. ते फोल्डर उडालं, तर मात्र खरंच गेले."

माझे हातपाय गार. बॅकअप? कधी घेतलाच नव्हता.

मग दादाने सोसायटीचं उदाहरण दिलं. डेटाबेस म्हणजे आतला फ्लॅट, स्क्रिप्ट म्हणजे भेटायला आलेला पाहुणा. २००२ म्हणजे पाहुणा गेटवरच अडकलाय, कारण गेट उघडायला कुणी हजरच नाही. फ्लॅटमधल्या सामानाला काही झालेलं नाही. तेव्हा तपासायचं इतकंच : डेटाबेस सर्व्हर चालू आहे का, होस्टचं नाव बरोबर आहे का, पोर्ट तोच आहे का. मायएसक्यूएलचं नेहमीचं पोर्ट ३३०६.

झॅम्पचं पॅनल उघडलं. मायएसक्यूएलसमोरचा हिरवा रंग गायब! संध्याकाळी अपडेटसाठी लॅपटॉप रिस्टार्ट झाला होता आणि 'स्टार्ट'चं बटण मी दाबलंच नव्हतं. दाबलं. स्क्रिप्ट चालवली.

'एरर १०४५. अ‍ॅक्सेस डिनाइड.'

"दादा, आता तर दुसराच आला!" मी रडकुंडीला.

"अभिनंदन! एरर बदलला म्हणजे तू एक दार पुढे गेलीस."

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे, मंडळी. १०४५ म्हणजे वॉचमन भेटला, पण नाव किंवा पासवर्ड त्याला पटला नाही. त्याच ओळीत शेवटी 'यूजिंग पासवर्ड : येस' होतं, म्हणजे स्क्रिप्टने पासवर्ड दिला होता, पण चुकीचा. तिथे 'नो' असतं, तर पासवर्ड दिलाच नाही असं समजायचं. आणि मग ट्यूब पेटली. दुपारी एका मैत्रिणीला स्क्रिप्ट पाठवायची होती, तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला, म्हणून मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरले. चोर घरातच!

तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर हे कापून मॉनिटरला चिकटवा. १०४९ : वॉचमनने आत सोडलं, पण त्या नावाचा फ्लॅटच नाही, डेटाबेसच्या नावाचं स्पेलिंग बघा. १०४० : पाहुण्यांची गर्दी झाली. एका वेळी साधारण १५१ कनेक्शन्स, ही ठरलेली मर्यादा. उघडलेली कनेक्शन्स बंद न करणाऱ्या स्क्रिप्ट्स ती खाऊन टाकतात. २००६, 'सर्व्हर हॅज गॉन अवे' : बऱ्याचदा कारण असं, की तुम्ही कनेक्शन उघडून गप्प बसलात आणि सर्व्हरने कंटाळून फोन ठेवला. सेटिंग बदललेलं नसेल, तर तो २८,८०० सेकंद वाट बघतो. म्हणजे आठ तास. आपली अख्खी शिफ्ट! इतका पेशन्स बॉसकडेही नसतो.

पावणेबाराला ग्राफ आला. निर्यातबंदीनंतर घसरत गेलेली ती रेघ बघून मी जरा वेळ गप्पच बसले. मला ती रेघ होती, काकांना तो अख्खा हंगाम होता. आणि मी तो पॅनिकमध्ये एका क्लिकने उडवायला निघाले होते.

झोपायच्या आधी दोन कामं केली. पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट मारून सगळे भाव पेनड्राइव्हवर घेतले. वेळ लागला जेमतेम दोन मिनिटं.

दादाची फी ठरलीय : शनिवारी नाशिकला आला की झणझणीत मिसळ. एक्स्ट्रा पाव माझ्याकडून!