पिंजऱ्यातला बिबट्या पुढे कुठे जातो? राहात्याचा ऊस, हिमालयातला हिमबिबट्या आणि प्राणिसंग्रहालयांचा इतिहास

१/ राहाता तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याच्या बातम्याही सुरू होतात. लोणी, कोल्हार, बाभळेश्वर, अस्तगाव, पुणतांबा. गावाचे नाव बदलते, प्रसंग तोच राहतो. वनविभाग पिंजरा लावतो, आत शेळी बांधली जाते आणि एखाद्या पहाटे पिंजऱ्याचे दार पडलेले दिसते. गर्दी जमते, मोबाइल बाहेर निघतात, वनविभागाची गाडी धुरळा उडवत निघून जाते. त्या बिबट्याचे पुढे काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२/ गाडी निघताना गर्दीतून एक मागणी हमखास होते : ‘याला परत सोडू नका, प्राणिसंग्रहालयात पाठवा.’ ज्या वस्तीवर संध्याकाळी मुलांना अंगणात सोडायची भीती वाटते, तेथून ही मागणी यावी यात अस्वाभाविक काही नाही. मात्र तिची कसोटी भावनेवर न लावता इतिहासावर लावली पाहिजे. त्यासाठी बिबट्याच्या एका दूरच्या भाऊबंदाकडे, हिमबिबट्याकडे, पाहणे उपयोगाचे ठरते; कारण मार्जारकुळात प्राणिसंग्रहालयाचे सर्वांत भक्कम समर्थन ज्याच्या नावाने केले जाते, तो प्राणी हाच.

३/ जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर याने १७७५ साली हिमबिबट्याला शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकात हे प्राणी युरोपातील प्राणिसंग्रहालयांत पोहोचले. रानातल्या हिमबिबट्याची पहिली छायाचित्रे मात्र जगाने १९७१ साली पाहिली. जॉर्ज शॅलर यांनी ती चित्रळच्या डोंगरांत टिपली होती. म्हणजे तीन ते साडेपाच हजार मीटर उंचीवर राहणारा हा प्राणी माणसाने आधी गजांआड पाहिला आणि त्याच्या स्वतःच्या घरात कितीतरी नंतर.

४/ त्या काळातील प्राणिसंग्रहालय हे मूलतः प्रदर्शन होते. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ साली सुरू झाले. तेथे जाती गोळा करणे आणि त्या मांडून दाखवणे यालाच प्रतिष्ठा होती. १९०७ साली कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक आणि कृत्रिम खडकांची रचना केली. प्रेक्षकाच्या डोळ्यांना खुपणारे गज त्यामुळे गेले; जनावराच्या वाट्याची जमीन मात्र मैलांनी वाढली नाही.

५/ खरा बदल १९७० च्या दशकात झाला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणारा करार १९७५ साली अमलात आला आणि रानातून हिमबिबटे पकडून आणण्याचा राजमार्ग बंद झाला. त्याच दशकात हेलसिंकीच्या प्राणिसंग्रहालयाने जगभरातील बंदिस्त हिमबिबट्यांची वंशावळ ठेवण्याचे काम हाती घेतले. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, हे त्या नोंदवहीवरून ठरू लागले. आज जगातील प्राणिसंग्रहालयांत सुमारे सहाशे हिमबिबटे आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व बंदिवासातच जन्मलेले आहेत.

६/ भारतातील या कामाचे केंद्र दार्जिलिंग. तेथील पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यान १९५८ साली स्थापन झाले; हिमबिबट्यांच्या प्रजननाचा कार्यक्रम तेथे १९८३ साली सुरू झाला. उंची सुमारे सात हजार फूट, हवा थंड, आणि प्रजननासाठी पर्यटकांच्या नजरेआड स्वतंत्र जागा. प्राण्याला मानवेल अशा हवेत, एका निश्चित हेतूने चाललेला हा बंदिवास आहे. प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने बोलायचे तर याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

७/ आणि तरीही याला मर्यादा आहेत. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या या बंदिस्त कुळात डोळ्यांचे जन्मजात दोष आढळले आहेत. २०२१ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराच्या प्राणिसंग्रहालयात तीन हिमबिबटे कोरोनाने मेले. २००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी अनेक मांसाहारी जातींची तुलना करून दाखवले, की रानात ज्याचा वावर जितका विस्तीर्ण, तितकी बंदिवासात त्याची निरर्थक येरझार अधिक आणि पिल्लांचा मृत्युदरही अधिक. पिंजऱ्याच्या कडेने एकाच रेषेत तासन् तास फिरणारे जनावर पाहून प्रेक्षक ‘काय रुबाब आहे!’ म्हणतात. तो रुबाब नसतो. ते आजारपण असते.

८/ मग रानातला हिमबिबट्या कशाने टिकला? २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या भारतातील पहिल्या शास्त्रशुद्ध गणनेत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज निघाला; त्यांतील ४७७ एकट्या लडाखमध्ये. ही संख्या प्राणिसंग्रहालयांनी परत पाठवलेल्या जनावरांची नाही. लडाखच्या गावांत मेंढ्यांच्या वाड्यांना वरून जाळी आणि मजबूत दारे बसवली गेली. हिमबिबट्या पाहायला येणाऱ्या पर्यटकांना गावकऱ्यांनी आपल्या घरी उतरवून घेतले. एका रात्रीत वाड्यातली सगळी मेंढरे मारणारा शत्रू हळूहळू पोटापाण्याचा आधार झाला. हिमबिबट्याला वाचवण्यात पिंजऱ्यापेक्षा वाड्याच्या छपराचा वाटा मोठा आहे.

९/ या इतिहासातून बंदिवासाची दोनच समर्थनीय कारणे हाती लागतात. एक, जातच नष्ट होण्याची भीती असेल तर राखीव साठा म्हणून. दोन, ते विशिष्ट जनावर रानात जगूच शकत नसेल तर. दुसऱ्याचे उदाहरण म्हणजे ‘लिओ’. उत्तर पाकिस्तानात अनाथ सापडलेले हे हिमबिबट्याचे पिल्लू २००६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात पाठवले गेले. तेथे ते वाढले आणि पुढे बापही झाले. त्याला डोंगरात सोडणे म्हणजे मारणेच ठरले असते. राहात्याच्या उसात पकडलेल्या धडधाकट बिबट्याला यांपैकी कोणते कारण लागू पडते? बहुतेक वेळा कोणतेच नाही.

१०/ तो उसात आला कसा, याचे उत्तर जंगलापेक्षा पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात आहे. राहाता हा मुळात अवर्षणाचा मुलूख. दारणा धरण १९१६ साली झाले, भंडारदरा १९२६ साली. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी या माळरानावर पाटपाणी खेळवले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरात, सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. हा इतिहास येथल्या माणसाच्या कष्टाचा आणि अभिमानाचा आहे. त्याच इतिहासाने नकळत बिबट्यालाही घर बांधून दिले.

११/ आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. त्यात सावली, गारवा, शेजारी चारीचे पाणी आणि लपायला पाचट. भोवताली भटकी कुत्री, डुकरे, वस्तीवरच्या शेळ्या. बिबट्याची मादी याहून अधिक काय मागणार? आज उसात सापडणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला असतो. ‘जंगलातून वाट चुकून आलेला’ हे वर्णन त्यांना लागू पडत नाही. त्यांनी जंगल पाहिलेलेच नसते.

१२/ याचा भक्कम पुरावा याच जिल्ह्यातून आला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. आणि त्याच भूमीवर दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. बिबट्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या जनावरांचा होता, त्यांतील ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा. माणसांच्या इतक्या जवळ राहूनही बहुसंख्य बिबटे माणसाला टाळूनच जगत होते.

१३/ ‘पकडा आणि दुसरीकडे सोडा’ हा उपाय शेजारच्या जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. २००१ नंतर तेथे बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. त्याआधी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होत. २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला, पकडताना घाबरलेला, दात दुखावलेला बिबट्या अधिक धोकादायक ठरतो, हा धडा तेथे माणसांच्या जिवाची किंमत देऊन मिळाला.

१४/ शिवाय बिबट्या सोडला तेथे राहत नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वस्त्या ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्या प्रवासात त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. २०११ साली वाहनाच्या धडकेने तो मेला.

१५/ स्थलांतर फसले, तेव्हा उरली ती जन्मठेप. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था चाळीसच्या आसपास बिबट्यांचा सांभाळ करीत आली आहे. तेथील वैद्य आणि सेवक निष्ठेने काम करतात. उणीव त्यांच्या सेवेत नाही. उणीव त्या व्यवस्थेच्या गणितात आहे. बंदिवासात बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. पिंजरे मात्र दर हंगामात रिकामे होत नाहीत. आणि एक बिबट्या उचलला की त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, बिबट्या व्यापतो. म्हणजे गावाची भीती कायम राहते आणि पिंजऱ्यांची संख्या वाढते.

१६/ कायद्यानेही हे ओळखले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, पकडलेला प्राणी रानात परत जाऊ शकत नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय त्याला बंदिवासात ठेवता येत नाही, आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्याच कलमाने माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी पकडता येत नसेल, बेशुद्ध करता येत नसेल, हलवता येत नसेल, तर त्याला मारण्याची मुभाही दिली आहे. कायदा बिबट्याला माणसापेक्षा मोठा मानतो, हा समज चुकीचा आहे.

१७/ ती मुभा निरर्थक नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत लहान मुले होती. लोक महामार्गावर उतरले आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. माणसावर हल्ले करू लागलेला बिबट्या ताबडतोब दूर झालाच पाहिजे. त्याबाबत दुमत असू नये. ज्या आईचे लेकरू गेले, तिला सहजीवनाचे व्याख्यान ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न आहे तो केवळ दिसला म्हणून पकडलेल्या बिबट्याचा, आणि त्याच्या पकडण्याने गाव सुरक्षित झाले या खोट्या समाधानाचा.

१८/ गाव खरोखर सुरक्षित करायचे तर लडाखच्या वाड्यांकडून शिकावे. गोठ्याला चारही बाजूंनी जाळी आणि वर छप्पर. वस्तीच्या रस्त्यावर उजेड. घर आणि ऊस यांच्यामध्ये काही अंतर मोकळे. विहिरींना कठडे. कत्तलीचा आणि कोंबड्यांचा टाकाऊ माल उघड्यावर न टाकणे, म्हणजे कुत्र्यांची संख्या आवरेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेतीपंपाला दिवसा वीज. अपरात्री मोटार चालू करण्यासाठी बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जाणाऱ्या शेतकऱ्याला बिबट्याच्या वाटेवर उभे करतो तो विजेचा वेळापत्रक-कागद. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली याच हेतूने जाहीर झाली. ती प्रत्येक रोहित्रापर्यंत पोहोचणे हा बिबट्याचाही प्रश्न आहे.

१९/ सर्वांत उघडा राहतो तो ऊसतोड मजूर. त्याची कोपी फडाच्या कडेला, तिला दार नाही, आत झोपलेली लेकरे आणि बाहेर बांधलेले बैल. ज्या उसाने कारखाना चालतो, त्याच उसातल्या बिबट्यासमोर हा मजूर हंगामभर झोपतो. त्याला पक्का, उजेडाचा, कुंपणाचा निवारा देणे ही कारखान्यांची आणि शासनाची जबाबदारी आहे. सहकाराच्या जन्मभूमीत ही मागणी फार मोठी ठरू नये.

२०/ तोडणीत बिबट्याची पिल्ले सापडली तर ती उचलून नेऊ नयेत, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढू नयेत. वनविभाग ती त्याच जागी रात्री ठेवतो आणि बहुतेकदा मादी येऊन त्यांना घेऊन जाते. असे कितीतरी प्रसंग या पट्ट्यात कॅमेऱ्याने टिपले आहेत. ज्या रात्री ती पिल्ले आईकडे जात नाहीत, त्या रात्री एक जन्मठेप सुरू होते, आणि फडाभोवती पिल्ले शोधणारी पिसाळलेली मादी गावाच्या वाट्याला येते.

२१/ हिमबिबट्याच्या इतिहासाने दाखवून दिले, की प्राणिसंग्रहालय हे फार तर बुडत्या जातीसाठी शेवटची होडी असू शकते. राहात्याचा बिबट्या बुडत नाही. तो कालव्यांनी आणि उसाने दिलेल्या घरात राहतो आहे. पिंजरा हवाच, पण तो माणसावर उठलेल्या जनावरासाठी आणि ज्याला परत जाता येत नाही अशा जखमी वा अनाथ जनावरासाठी. बाकीच्यांसाठी पिंजऱ्यावर होणारा खर्च गोठ्यांच्या जाळीवर, दिवसाच्या विजेवर आणि मजुरांच्या निवाऱ्यावर झाला, तर राहात्याची लेकरे अधिक निर्धास्त झोपतील.