नाटकातली सकाळ सकाळसारखी दिसावी

धानाची कापणी आटोपली, पुंजणे लागले, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भाऊबीजेपासून मंडया भरतात, त्यांच्या जोडीने शंकरपट येतो आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पार पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज-वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या रंगभूमीचे नाव देशात झाले. ही सगळी अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु एका बाबतीत आपण मागे आहोत, आणि ती बाब म्हणजे रंगमंचावरचा उजेड. गावकरी वर्गणी काढतात, मंडप घालतात, भिंतीएवढे स्पीकर आणतात. दिव्यांचा विषय निघाला की रंग बदलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या एलईडीच्या माळा लावायच्या आणि समोरून दोन झगझगीत हॅलोजन सोडायचे, एवढाच आपला विचार. मग नाटकात पहाट असो, भर दुपार असो की मध्यरात्र, उजेड तोच. म्हातारा बाप "बाळा, दिवस बुडाला" म्हणतो आणि त्याच्या तोंडावर मात्र लाल, हिरवे, जांभळे असे तिन्ही रंग नाचत असतात. प्रेक्षकाने रडावे तरी कसे?

कुणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाला या उठाठेवी कशाला? त्याचे उत्तर सोपे आहे. उजेड पाहून काळ ओळखणे हे मुळात शेतकऱ्याचेच काम आहे. बांधीत उभा माणूस घड्याळ न बघता सावलीवरून वेळ सांगतो. आपले पीकसुद्धा उजेडावरूनच ऋतू ओळखते. जुन्या भारी धानाच्या कित्येक जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय निसवत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा जाणत्या प्रेक्षकापुढे खोटी सकाळ दाखवणे म्हणजे त्याचा अडाणी समजून अपमान करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता काळ आणि ऋतू दिव्यांनी दाखवायचे कसे ते पाहू. यात जादू काही नाही. उजेड कोणत्या दिशेने येतो, त्याचा रंग कोणता, तो किती प्रखर आहे आणि सावली कशी पडते, एवढ्या चार गोष्टी धरून चालायचे.

सकाळी सूर्य खाली असतो. त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात, म्हणून उजेड पिवळसर-तांबूस असतो आणि सावल्या लांब पडतात. रंगमंचाच्या एका बाजूला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पिवळ्या जिलेटिनचा दिवा ठेवा, समोरचे दिवे मंद करा, झाली सकाळ. संध्याकाळ दाखवायची तर हाच दिवा दुसऱ्या बाजूला न्या आणि रंग थोडा लालीकडे झुकू द्या. मात्र एकदा पूर्व ठरली की नाटकभर तीच पूर्व राहिली पाहिजे. सकाळ आणि संध्याकाळ एकाच बाजूने आली, तर समोरचा शेतकरी लगेच ओळखतो.

दुपारच्या बाबतीत ऋतूचाही विचार करावा लागतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या उत्तरार्धात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. २२ डिसेंबरच्या दुपारी मात्र सूर्य जमिनीपासून साधारण ४६ अंशांवरच असतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. म्हणून उन्हाळ्याची दुपार थेट डोक्यावरून, पांढऱ्या आणि कडक उजेडात दाखवावी. त्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, चेहरा थकलेला दिसतो. दुष्काळाच्या प्रवेशाला यापेक्षा वेगळे काय हवे? हिवाळ्याची दुपार तिरपी आणि मऊ ठेवावी.

पावसाळ्याचे तंत्र अगदी निराळे. आभाळ भरून आले की उजेड एका जागेवरून न येता सगळीकडून येतो आणि सावली जवळपास दिसत नाही. रोवणीच्या दिवसात हे आपण रोजच बघतो. रंगमंचावर त्यासाठी दिवा थेट नटावर न मारता पांढऱ्या धोतरावर किंवा चादरीवर मारावा आणि तिथून परतलेला उजेड वापरावा. रंग किंचित निळसर-राखाडी असावा. मात्र तापणाऱ्या हॅलोजनपासून कापड चांगले दूर ठेवा. विजेचा लखलखाट दाखवायचा असेल तर आधी उजेड आणि मग गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. आपल्याकडे दोन्ही एकदम वाजवतात, त्यामुळे वीज प्रेक्षकांतच पडल्यासारखी वाटते!

रात्र म्हणजे काळोख नव्हे. सगळे दिवे घालवले तर मागच्या रांगेला काही दिसत नाही. वरून मंद निळा उजेड आणि नटाच्या हातात एक कंदील, एवढ्यावर रात्र उभी राहते. कंदिलाचा उजेड पुरणार नाही, म्हणून त्याच बाजूला एक छोटा पिवळा दिवा लपवून ठेवावा. प्रेक्षकाला तो कंदिलाचाच उजेड वाटतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. लाल उजेडात हिरवे लुगडे काळपट दिसते, त्यामुळे रंग निवडण्याआधी कपडे बघून घ्यावेत. दुसरे असे की मागच्या पडद्यावर आभाळ रंगवलेले असते आणि नटाची सावली त्या आभाळावर नाचते. नटांनी पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे राहावे आणि दिवे उंच लावावेत, म्हणजे सावली जमिनीवर पडते.

हे सारे मोठ्या शहरांचे लाड आहेत असे समजू नये. अमेरिकेतील स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली पुस्तक लिहून एक साधी पद्धत सांगितली. नटावर समोरून, डाव्या-उजव्या बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे टाकायचे, एक उबदार रंगाचा आणि एक थंड रंगाचा. दोन्हींचे प्रमाण बदलले की वेळ बदलते. बंगालचे तापस सेन यांनी १९५९ साली 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत शिरणारे पाणी केवळ प्रकाशयोजनेने दाखवले होते. त्यांच्याजवळ आजच्या एलईडी नव्हत्या. सामान कमी असले तरी चालते, विचार मात्र पक्का हवा.

आपल्याला सुरुवातीला सहा-सात दिवे आणि एक डिमर पुरे. हॅलोजन मंद केला की तो आपोआप तांबूस होतो, म्हणून सूर्यास्ताला तो चांगला. साधी एलईडी तशी होत नाही, आणि डिमरवर चालणारी नसेल तर फडफडते. एलईडी घेताना पाकिटावरचा आकडा वाचा. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा. दिवाळीच्या सुमारास धानावरचे तुडतुडे उजेडावर झेपावतात. ते पांढऱ्या-निळ्या दिव्यावर जास्त आणि पिवळ्यावर कमी येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता सरपंच आणि सचिव महोदयांसाठी. गावोगावी खुले रंगमंच आणि सभामंडप बांधले जातात. अंदाजपत्रकात स्लॅब असतो, फरशी असते, उद्‌घाटनाची कोनशिलाही असते. दिव्यांच्या नावाने मात्र छताला चार ट्यूबलाइट, त्याही एकाच बटणावर! बांधकाम होण्याआधी ग्रामसभेत चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, दिवे टांगायला रंगमंचासमोर आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप. नटाच्या डोक्यापासून दिवा जितका उंच, तितकाच तो पुढे असावा, म्हणजे ४५ अंश आपोआप साधतात. दुसरी, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बटण, आणि ती सगळी बटणे रंगमंच दिसेल अशा एकाच जागी. तिसरी, रंगमंचासाठी वेगळा बोर्ड, त्यात एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. चौथी, पक्के अर्थिंग.

या शेवटच्या दोन गोष्टींवर तडजोड नको. एक हजार वॅटचा हॅलोजन चार अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढतो. असे दहा लावले की त्रेचाळीस अँपिअर झाले, आणि साधी घरगुती वायर ते सोसत नाही. त्यात आपली नाटके उघड्यावर, थंडीच्या दिवसात. मध्यरात्रीनंतर दव पडते, वायरी ओल्या होतात, पडदे कापडाचे आणि मंडपात बायका-पोरे झोपलेली. अशा वेळी तारेवर आकडा टाकून दिवे लावणे म्हणजे गावाचा जीव टांगणीला लावणे होय. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे तो गुन्हा तर आहेच. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. मंडळाने अर्ज वेळेवर करावा, आणि पोलीस पाटलांनी मंडपात शिरतानाच ती जोडणी बघावी.

"लोक गाण्यांना आणि विनोदाला येतात, उजेड बघायला कोण येतो?" असे काही जण म्हणतात. खरे आहे, उजेड बघायला कुणी येत नाही आणि येऊही नये. चांगला उजेड वेगळा दिसतच नाही. दिसतो तो नटाचा चेहरा आणि कळते ती वेळ. जुन्या पिढीने टेंभ्याच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात दंडार बघितली. तेव्हा एकच दिवा होता आणि सगळ्यांचे लक्ष नटावर होते. आज शंभर दिवे आहेत आणि नट हरवला आहे.

यंदा वर्गणीची बैठक होईल तेव्हा स्पीकरची एक जोडी कमी करून ते पैसे दिव्यांच्या पाइपला, डिमरला आणि अर्थिंगला द्यावेत. गावातला एखादा वायरमनचे शिक्षण घेतलेला तरुण या कामावर बसवावा आणि त्याला आदल्या दिवशी नाटक ऐकवावे. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही हेच सामान कामी येईल. बांधीवर रोज खरी सकाळ बघणाऱ्या माणसाला नाटकातही ती दिसावी, एवढी मागणी काही जास्त नाही.